कॉन्ट्रातल्या '३० लाइफ' मिळायच्या, मग 'फ्री डायमंड' का मिळत नाहीत? समजून घ्या गेमच्या पडद्यामागचे आकडे

मे महिन्याच्या सुट्टीत मिरजेला मावशीकडे गेलो होतो. तेरा वर्षांचा मावसभाऊ तोंड पाडून बसला होता. 'दहा हजार डायमंड फुकट' असे सांगणारा एक व्हिडिओ त्याने पाहिला होता. खाली दिलेल्या लिंकवर जाऊन त्याने गेमचा आयडी आणि पासवर्ड भरला. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांपर्यंत गेली. डायमंड काही आले नाहीत. उलट दोन वर्षे खेळून उभे केलेले खातेच हातचे गेले. मग त्याच साइटने मावशीच्या फोनवर आलेला ओटीपी मागितला. तेव्हा मात्र तो घाबरला आणि त्याने फोन आईच्या हातात दिला, म्हणून पैसे तरी वाचले.

संध्याकाळी त्याने मला विचारले, ''दादा, तू लहानपणी कॉन्ट्रात तीस लाइफ घ्यायचास ना? मग ते कसं चालायचं?''

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर एका ओळीत द्यायचे तर, कॉन्ट्रातल्या लाइफचा आकडा माझ्या घरात होता आणि त्याच्या डायमंडचा आकडा त्याच्या फोनमध्ये नाहीच. पण हे नीट समजण्यासाठी गेम आतून कसा चालतो ते पाहावे लागेल.

गेम म्हणजे नेमके काय?

क्रिकेटच्या मैदानावर आधी चेंडू टाकला जातो, फटका बसतो आणि मग स्कोअरर वहीत नोंद करतो. म्हणजे सामना खरा आणि वही ही त्याची नोंद. व्हिडिओ गेममध्ये हे नेमके उलटे असते. तिथे वही हाच सामना असतो. मेमरीत आकड्यांची एक भलीमोठी वही असते. तुमचा खेळाडू कुठे उभा आहे, त्याचे तोंड कुठल्या दिशेला आहे, हेल्थ किती, बंदुकीत गोळ्या किती, दार उघडे की बंद, हे सगळे आकड्यांतच लिहिलेले असते. पडद्यावरचे मैदान त्या वहीवरून काढलेले चित्र असते.

हे काम एका चक्रात चालते. पहिली पायरी : तुम्ही कुठले बटण दाबले, पडद्यावर कुठे बोट ठेवले ते वाचणे. दुसरी : त्यानुसार आणि गेमच्या नियमांनुसार वहीतले आकडे बदलणे. तिसरी : बदललेल्या आकड्यांवरून नवे चित्र काढणे. मग पुन्हा पहिली पायरी. गेम सेकंदाला ६० फ्रेम्सने चालत असेल, तर हे चक्र सेकंदाला ६० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम संपले नाही, की गेम अडखळतो. फोन तापल्यावर गेम 'हँग' होतो तेव्हा हेच घडत असते. तापलेला फोन आपला वेग कमी करतो आणि फेरी वेळेत पूर्ण होत नाही.

चित्र किती दुय्यम असते, याचे उत्तम उदाहरण १९८५ मधल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आहे. त्यातले पांढरे ढग आणि जमिनीवरची हिरवी झुडपे आठवतात? ते एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. हा संपूर्ण गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता आणि ज्या यंत्रावर तो चालायचा, त्याची कामाची मेमरी होती २ किलोबाइट. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोही अनेकदा यापेक्षा मोठा असतो. इतक्या कमी जागेत ढगाचे वेगळे आणि झुडपाचे वेगळे चित्र ठेवणे परवडणारे नव्हते. त्यामुळे मेमरीत ढगही नव्हता आणि झुडूपही नव्हते. होता तो फक्त चित्राचा क्रमांक आणि रंगांचा क्रमांक.

गोळी झाडली की आत काय होते?

समजा, तुम्ही शूटिंग गेम खेळत आहात. समोर शत्रू दिसला आणि तुम्ही फायरचे बटण दाबले. गेम आधी तुमच्या बंदुकीतल्या गोळ्यांचा आकडा बघतो. तो शून्य असेल, तर 'खट्' असा आवाज वाजवून विषय संपवतो. शून्य नसेल, तर त्यातून एक वजा करतो. मग तुम्ही उभे आहात त्या जागेपासून नेम धरलेल्या दिशेने गोळीचा मार्ग काढतो. हे सगळे भूमितीचे गणित असते.

प्रत्येक खेळाडूभोवती न दिसणारे डबे असतात : डोक्याला एक, छातीला एक, हातापायांना वेगवेगळे. यांना 'हिटबॉक्स' म्हणतात. गोळीच्या मार्गात कुठला डबा आला, हे गेम तपासतो. छातीचा डबा लागला आणि त्या बंदुकीचा मारा ४० असेल, तर शत्रूच्या हेल्थमधून ४० वजा होतात. १०० चे ६० झाले. रक्त उडणे, ओरडणे, लाल पट्टी कमी होणे हे सगळे त्यानंतरचे. वजाबाकी झाली, ही बातमी तुमच्यापर्यंत पोहोचवण्याचे ते मार्ग आहेत.

भिंतीचेही तसेच. गेममधली भिंत स्वतःहून कोणाला अडवत नाही. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा 'पुढची जागा मोकळी आहे का?' असा प्रश्न प्रोग्राम विचारतो आणि उत्तर 'नाही' आले, तर तुमची जागा बदलत नाही. एखाद्या कोपऱ्यात ही तपासणी चुकली, की खेळाडू आरपार जातो. ज्याला आपण 'ग्लिच' म्हणतो, ते बहुतेकदा असेच एखाद्या तपासणीतले भोक असते.

आकडा दिलेल्या जागेत मावला नाही तर?

मेमरीत प्रत्येक आकड्याला ठराविक जागा दिलेली असते. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५५ मध्ये एक मिळवला, की पुन्हा शून्य. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यायचे, तसेच.

१९८० मध्ये आलेल्या 'पॅक-मॅन'मध्ये याचा प्रसिद्ध दाखला आहे. या गेममध्ये कितवी लेव्हल चालू आहे, हे एका बाइटमध्ये ठेवलेले होते आणि मोजणी शून्यापासून होती. त्यामुळे २५६ व्या लेव्हलला तिथे २५५ हा आकडा येतो. पडद्याच्या तळाशी लेव्हलनुसार छोटी फळे काढणारा प्रोग्रामचा भाग त्यात एक मिळवतो आणि उत्तर शून्य येते. एरवी तिथे जास्तीत जास्त सात फळे काढली जातात. पण शून्यामुळे मोजणी फसते आणि तो भाग तब्बल २५६ वेळा चित्र काढत सुटतो. पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे आणि तुकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो. खायला पुरेसे ठिपके उरत नाहीत आणि लेव्हल पूर्ण होऊच शकत नाही. एका बेरजेने गेम तिथेच संपतो.

याच प्रकारची एक दंतकथा आपल्याकडेही खूप फिरली आहे. १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन' या गेममध्ये महात्मा गांधी हे भारताचे नेते आहेत. त्यांचा आक्रमकपणा सर्वांत कमी म्हणजे १ ठेवला होता. लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून २ वजा झाले, आकडा उणे होण्याऐवजी फिरून २५५ झाला आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकू लागले, अशी ती कथा. ऐकायला मजेशीर असली, तरी ती खरी नाही. गेमचा निर्माता सिड मायर याने २०२० च्या आत्मचरित्रात असा दोष मूळ गेममध्ये नव्हताच, असे स्पष्ट केले. गंमत म्हणजे २०१० च्या 'सिव्हिलायझेशन ५'मध्ये निर्मात्यांनी विनोद म्हणून गांधींच्या अण्वस्त्रप्रेमाचा आकडा मुद्दाम मोठा ठेवला : १० च्या मोजपट्टीवर १२. पात्राचा स्वभावसुद्धा वहीतला एक आकडा असतो, तो असा.

मग चीट कोड कसे चालायचे?

आता मावसभावाच्या प्रश्नाकडे. टीव्हीला जोडायच्या स्वस्त गेम-यंत्रावर आणि '९९९९९ इन १' असे लिहिलेल्या कॅसेटवर कॉन्ट्रा खेळलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. एवढे दाबले, की ३ ऐवजी ३० लाइफ मिळायच्या.

ही युक्ती कोणी चोरून शोधलेली नव्हती. ती कंपनीनेच ठेवलेली होती. कोनामी या जपानी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो 'ग्रॅडियस' हा गेम १९८६ मध्ये घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. तो त्यांना स्वतःलाच इतका अवघड जात होता, की चाचणीसाठी त्यांनी बटणांचा हा क्रम घालून ठेवला. नंतर तो कोनामीच्या इतर गेममध्येही आला. 'हा क्रम दाबला, तर लाइफच्या जागी ३० लिही,' एवढाच तो हुकूम.

पुढे सायबर कॅफेत 'जीटीए व्हाइस सिटी' (२००२) आला. कीबोर्डवर 'पॅन्झर'ची अक्षरे टाइप केली, की समोर रणगाडा उभा. तोही निर्मात्यांनीच प्रोग्राममध्ये ठेवलेला दरवाजा होता.

निर्मात्यांनी दरवाजा ठेवला नसेल, तरी वाट काढणारे होतेच. १९९० मध्ये 'गेम जिनी' नावाचे उपकरण बाजारात आले. ते कॅसेट आणि यंत्र यांच्या मध्ये बसायचे. यंत्राने कॅसेटला 'सुरुवातीला किती लाइफ द्यायच्या?' असे विचारले, की हे उपकरण मध्येच '९' असे उत्तर द्यायचे. निन्टेन्डोने ते विकणाऱ्या गॅलूब कंपनीविरुद्ध अमेरिकेत दावा लावला, पण १९९१ मध्ये न्यायालयाने गॅलूबच्या बाजूने निकाल दिला आणि १९९२ मध्ये तो अपिलातही कायम राहिला.

संगणकावर तर आणखी सोपे होते. समजा, तुमच्याकडे ३५० नाणी आहेत. मेमरी शोधणाऱ्या प्रोग्रामला सांगायचे, '३५० कुठे कुठे लिहिले आहे ते दाखव.' हजारो जागा निघतात. मग गेममध्ये २० नाणी खर्च करायची आणि सांगायचे, 'त्या जागांपैकी आता ३३० कुठे आहे?' दोन-तीन वेळा असे केले, की एकच जागा उरते. तिथे ९९९९ लिहायचे.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. वही खेळणाऱ्याच्या घरात होती. त्याच्या यंत्रात, त्याच्या मेमरीत. म्हणून ती खोडता येत होती.

ऑनलाइन गेममध्ये काय बदलले?

वही घराबाहेर गेली. बीजीएमआय, फ्री फायर किंवा तत्सम ऑनलाइन गेममध्ये तुमचे यूसी किंवा डायमंड किती, हे कंपनीच्या सर्व्हरवर लिहिलेले असते. फोनवर दिसतो, तो त्याचा उतारा.

बँकेच्या पासबुकाचे उदाहरण घ्या. तुमच्या पासबुकात पेनाने दोन शून्ये वाढवली, तर तुम्हाला पाहताना बरे वाटेल. पण पैसे काढायला गेलात, की बँक पासबुक बघत नाही, आपले खाते बघते. गेमचेही असेच आहे. एखाद्या ॲपने फोनमधला आकडा १०,००० करून दाखवला, तरी दुकानात वस्तू घेताना फोन सर्व्हरला एवढेच विचारतो, 'ही वस्तू घेऊ का?' सर्व्हर स्वतःची वही उघडतो आणि 'शिल्लक नाही' म्हणून परत पाठवतो.

म्हणूनच 'आयडी टाका, डायमंड मिळवा' हा दावा खोटा असतो. तसे करायचे, तर कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसून नोंद बदलावी लागेल. मग ती हिरवी पट्टी? तीही एक आकडाच. शून्यापासून शंभरपर्यंत मोजायचे आणि तेवढी पट्टी रंगवायची, एवढेच तिला माहीत असते. तिचा गेमशी काडीचाही संबंध नसतो. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून दोन-तीन ॲप डाउनलोड करायला लावणाऱ्या साइट त्या डाउनलोडवर कमिशन कमावतात. बाकीच्यांना तुमचा पासवर्ड आणि जमल्यास ओटीपी हवा असतो.

मग ऑनलाइन गेममध्ये 'हॅकर' कसे असतात?

हा रास्त प्रश्न आहे. एका गोळीत डोके उडवणारे, भिंतीपलीकडचे दिसणारे खेळाडू सगळ्यांनाच भेटलेले असतात. कारण काही आकडे तुमच्या फोनला द्यावेच लागतात. शत्रू कोपऱ्यावरून बाहेर येताच दिसायला हवा, तर तो कुठे आहे हे फोनला आधीच माहीत हवे. भिंतीपलीकडचे दाखवणारे हॅक हेच आकडे वाचतात. आपोआप नेम धरणारे हॅक तुमच्या बोटाऐवजी स्वतः दिशा ठरवून सर्व्हरला पाठवतात. सर्व्हरला ते एखाद्या तरबेज खेळाडूसारखे दिसते.

यावर उपाय म्हणजे फोनला किंवा संगणकाला कमीत कमी सांगणे. 'व्हॅलोरंट' या गेममध्ये शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा सर्व्हर शक्यतो पाठवतच नाही. जे फोनपर्यंत आलेच नाही, ते चोरणार कसे?

आडोशाला गेल्यावरही गोळी का लागते?

'मी भिंतीमागे गेलो होतो, तरी मेलो,' ही तक्रार प्रत्येक गटात असते. तिचेही कारण वही दूर असण्यात आहे. पिंग ८० म्हणजे तुमचा निरोप सर्व्हरकडे जाऊन उत्तर यायला ८० मिलिसेकंद लागतात. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नेटवर्क कितीही उत्तम असले, तरी सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन ४० मिलिसेकंदांच्या आसपास लागणारच. सर्व्हर देशात असण्याचा फायदा होतो तो यामुळे.

एवढा वेळ वाट पाहत बसलो, तर खेळणेच अशक्य होईल. म्हणून तुमचा फोन सर्व्हरच्या उत्तराआधीच तुम्हाला पुढे चालवतो. त्याचा अंदाज चुकला, तर सर्व्हर तुम्हाला रबर ताणून सोडल्यासारखा मागे खेचतो. आणि गोळी लागली की नाही हे ठरवताना, 'झाडणाऱ्याला त्या क्षणी पडद्यावर काय दिसत होते?' हे अनेक गेमचे सर्व्हर वहीची मागची पाने उलटून बघतात. त्या पानावर तुम्ही अजून उघड्यावर असता. तुमच्या फोनवर मात्र तुम्ही भिंतीमागे पोहोचलेले असता. दोघेही खरे बोलत असतात. सर्व्हरला एकाच्या बाजूने निकाल द्यावा लागतो.

विकत घेतलेल्या वस्तू मग कोणाच्या?

हे सगळे ऐकून झाल्यावर मावसभावाने विचारले, ''म्हणजे कंपनी माझे डायमंड शून्य करू शकते?''

हो. वही ज्याची, पेन त्याचे. भारतातल्या खेळाडूंनी याचा अनुभव घेतला आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबर २०२० पासून भारतातल्या खेळाडूंसाठी या गेमची सेवा बंद झाली. पैसे देऊन घेतलेले कपडे, बंदुकांचे रंग कोणाच्याही फोनमधून कोणी काढून नेले नव्हते. ते फोनमध्ये कधी नव्हतेच. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तेव्हा जुन्या खात्यातल्या वस्तू नव्या गेममध्ये नेण्याची सोय कंपनीने दिली, म्हणून त्या पुन्हा दिसल्या. एका वहीतून दुसऱ्या वहीत नोंद गेली.

काय लक्षात ठेवावे?

- ऑनलाइन गेममधली शिल्लक सर्व्हरवर असते. ती बाहेरून वाढवून देण्याचा दावा करणारी लिंक, ॲप किंवा व्हिडिओ म्हणजे फसवणूक समजा.
- इंटरनेटशिवाय चालणाऱ्या गेममध्ये नाण्यांचा आकडा फोनमध्येच असतो, त्यामुळे 'मॉड' केलेल्या ॲपमध्ये तो खरोखर बदललेला असू शकतो. पण ते ॲप कोणा अनोळखी माणसाने उघडून पुन्हा बांधलेले असते. नाण्यांचा आकडा बदलताना त्याने आणखी काय घातले, हे तुम्हाला दिसत नाही.
- गेमचे खाते गूगल किंवा फेसबुकशी जोडलेले असेल, तर तो पासवर्ड बाहेर देणे म्हणजे फक्त गेम देणे नव्हे. ईमेल आणि फोटोही त्याच किल्लीने उघडतात. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करा. पासवर्ड दिला गेलाच असेल, तर तो लगेच बदला आणि गेममधल्या मदत विभागात तक्रार नोंदवा.
- मुलांच्या हातात असलेल्या फोनवर बँकेचे ओटीपी येत असतील, तर कुठल्याही गेमसाठी ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि चूक झाली तर ओरडा न खाता घरी सांगता येईल, एवढी मोकळीक त्यांना द्या. मावशीचे पैसे त्यामुळेच वाचले.
- पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.